यादी बदलू नका, नवी करा
वाचकांचे प्रश्न : फंक्शनल प्रोग्रॅमिंगची सुरुवात

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत या वेळी फंक्शनल भाषांवरचे प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. फंक्शनल म्हणजे मूळ माहिती न बदलता फंक्शनांनी नवी किंमत काढत जायची पद्धत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कोड इथे देवनागरीत छापला आहे. यंत्रावर भाषेचे शब्द आणि आकडे रोमन लिपीतच टाइप करायचे.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी येतं, पायथॉन थोडंफार. लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. हॅस्केल, ओकॅमल, एलिक्सर, क्लोजर, रॅकेट ही नावं ऐकून गोंधळ झालाय. सुरुवात कशाने करू?

उत्तर : रॅकेटने करा. हॅस्केलचा बोलबाला जास्त आहे, पण ४ जीबी रॅमवर पहिल्याच आठवड्यात कंपायलर, पॅकेज मॅनेजर आणि एडिटरचं प्लगइन या तिघांशी झुंजत बसलात तर मूळ विषय बाजूलाच राहील. रॅकेटचा इन्स्टॉलर एकच आहे आणि 'डॉक्टर रॅकेट' हा एडिटर त्यातच येतो. उघडल्यावर 'लँग्वेज' मेनूतून 'चूज लँग्वेज' घ्या, शिकवण्याच्या भाषांमधली 'बिगिनिंग स्टुडंट' निवडा आणि एकदा 'रन' दाबा. रन दाबेपर्यंत निवड लागू होत नाही. भाषा बदलली तरी एरर जुनीच येते, ती बहुधा यामुळे. वरच्या चौकटीत व्याख्या लिहायच्या, खालच्या चौकटीत एकेक फंक्शन चालवून बघायचं.

सी मधून आलेल्याला पहिली ठेच कंसांची लागते. सी मध्ये जास्तीचा कंस घातला तर बिघडत नाही. इथे उघडणारा कंस म्हणजे 'पुढचं फंक्शन चालव' असा हुकूम. (+ २ ३) चं उत्तर ५. पण ((+ २ ३)) लिहिलंत तर पूर्ण रॅकेट आधी ५ काढतं, मग त्या ५ लाच फंक्शन समजून चालवायला जातं आणि '५ हे फंक्शन नाही' म्हणून थांबतं. विद्यार्थी पातळीची भाषा त्याच्याही आधी, प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच, उघडत्या कंसानंतर फंक्शन हवं होतं असं सांगून अडवते. या पातळ्यांचा मोठा फायदा हाच: एरर नवशिक्याला कळेल अशा भाषेत येते.

'स्टेप' बटण जरूर वापरा. (* (+ २ ३) ४) चं आधी (* ५ ४) आणि मग २० कसं होतं ते पायरी-पायरीने समोर दिसतं. फंक्शनल प्रोग्रॅम 'चालतो' म्हणजे काय, ते याहून सोपं करून कुणी सांगू शकेल असं आम्हाला वाटत नाही. प्रत्येक फंक्शन लिहिण्याआधी 'चेक-एक्स्पेक्ट'ने दोन-तीन अपेक्षित उत्तरं लिहून ठेवा, त्यातलं एक रिकाम्या यादीसाठी असू द्या. रिकामी यादी विसरणं ही या विषयातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक.

व्हेरिएबलला नवी किंमत देण्याची सोय या पातळीवर मुद्दाम ठेवलेली नाही. ती थेट 'ॲडव्हान्स्ड स्टुडंट'ला मिळते. फंक्शनच्या हाती दुसरं फंक्शन देणारी मॅप (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणं), फिल्टर (हवे तेवढेच ठेवणं), फोल्ड (सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढणं) ही हत्यारं 'इंटरमीजिएट'ला येतात. म्हणून कुठलं तरी मॅपचं उदाहरण बिगिनिंगमध्ये चाललं नाही तर डोकं खाजवत बसू नका, पातळी बदला.

महिना-दीड महिन्याने दुसरी भाषा घ्या, आणि एकच घ्या. जॉन मॅकार्थी यांच्या १९५८ च्या लिस्पपासून स्कीम, रॅकेट, क्लोजर हे घराणं निघालं. तिथे टाइप (किमतीचा प्रकार: पूर्णांक, मजकूर वगैरे) प्रोग्रॅम चालताना तपासले जातात. रॉबिन मिलनर यांनी एडिंबरात १९७० च्या दशकात घडवलेल्या एमएलच्या वळणावर ओकॅमल, एफ शार्प आणि हॅस्केल गेल्या. तिथे कंपायलर आधीच टाइप तपासतो आणि जुळले नाहीत तर पुढे जाऊच देत नाही. एर्लांगचा जन्म १९८६ मध्ये एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी झाला. एलिक्सर ही त्याच यंत्रणेवर चालणारी अलीकडची भाषा. रॅकेटनंतर टाइपवाल्या घराण्यात जाणं जास्त फायद्याचं, कारण नवीन शिकण्यासारखं तिथे जास्त आहे. हॅस्केल घेतलीत तर 'जीएचसीअप' हा तिचा इन्स्टॉलर चालवताना लँग्वेज सर्व्हर (एडिटरला चुका दाखवणारा मदतनीस) आणि स्टॅक (प्रोजेक्ट बांधायचं साधन) या दोन्हींना 'नाही' म्हणा. लँग्वेज सर्व्हर ४ जीबी रॅम सहज खाऊन टाकतो. साधा एडिटर आणि शेजारी 'जीएचसीआय' (एकेक ओळ चालवून बघायची हॅस्केलची खिडकी) एवढं पुरतं: फाइल सेव्ह करा, जीएचसीआयमध्ये कोलन आणि आर टाइप करून एंटर मारा, एररा समोर. डिस्कवर मात्र ५ जीबी तरी मोकळे ठेवा.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. एक्सेल चांगलं येतं, पायथॉन शिकले. रोजच्या बिलांचा प्रोग्रॅम लिहिलाय, पण एकाच लूपमध्ये सगळं आहे. कराचा दर बदलला की चार ठिकाणी बदलावं लागतं आणि एकूण चुकलं तर कुठे चुकलं ते सापडत नाही. नवी भाषा शिकायला वेळ नाही. पायथॉनमध्येच फंक्शनल पद्धतीचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल, आणि तुम्हाला तो इतरांपेक्षा लवकर जमेल. एक्सेलच्या सी२ खान्यात सूत्र लिहिलं की ए२ मधला आकडा बदलत नाही, फक्त सी२ मध्ये नवा दिसतो. पायथॉनमध्येही तेवढंच पाळायचं आहे.

समजा दिवसाच्या पाच ओळी अशा: १२० नग ८५ रुपयांनी, ६० नग १४० ने, २०० नग ८५ ने, ० नग १४० ने (ही रद्द झालेली ऑर्डर) आणि ४५ नग २१० ने. तुमच्या लूपमध्ये तीन कामं एकमेकांत गुंतली असणार: रद्द ओळ गाळणं, नगाला दराने गुणणं, बेरीज करणं. ती सुटी करा.

चालू = [ओळ फॉर ओळ इन ओळी इफ ओळ.नग > ०]
रकमा = [ओळ.नग * ओळ.दर फॉर ओळ इन चालू]
एकूण = सम(रकमा)

रकमा येतील १०,२००, ८,४००, १७,००० आणि ९,४५०, एकूण ४५,०५०. एकूण चुकलं तर आता 'चालू' आणि 'रकमा' छापून बघता येतात. 'ओळी' ही मूळ यादी शेवटपर्यंत जशीच्या तशी असते, त्यामुळे बिघाड तिन्हींपैकी कुठल्या ओळीत आहे ते लगेच सापडतं.

कराचा दर प्रोग्रॅमच्या डोक्यावर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, फंक्शनला द्या: बिल(ओळी, टक्के). समजा ५ टक्के धरले, तर कर २,२५२.५० आणि बिल ४७,३०२.५० रुपयांचं. दर बदलला तर बोलावताना ५ च्या जागी नवा आकडा. आतल्या कोडला हात लावायचा नाही. तारखेचंही तसंच करा. फंक्शनच्या आत 'आजची तारीख' विचारलीत तर कालचं बिल आज पुन्हा काढल्यावर वेगळं येईल. फाइल वाचणं सुरुवातीला, छापणं शेवटी, आणि मधल्या कुठल्याही फंक्शनमध्ये प्रिंट, फाइल किंवा घड्याळ नको. एवढी शिस्त पाळली की मधला सगळा भाग एकदा तपासलेल्या आकड्यांवर पुन्हा पुन्हा चालवून खात्री करता येते.

आता पायथॉनमधले खड्डे. पायथॉनचं मॅप यादी देत नाही, एकदाच वापरता येणारी ओघवती मालिका देतं. रकमा मॅपने काढल्या आणि सम दोनदा घेतली तर पहिल्यांदा ४५,०५० आणि दुसऱ्यांदा ०. एरर येत नाही, म्हणून हे जास्त वाईट. वरच्यासारखे चौकटी कंस वापरा, प्रश्नच येणार नाही. दुसरं, यादी.सॉर्ट() मूळ यादीच बदलते आणि परत काहीच देत नाही. सॉर्टेड(यादी) नवी यादी देते. तुम्हाला दुसरी हवी. तिसरा खड्डा पार्टीवार बेरजेचा. 'ग्रुपबाय' फक्त शेजारच्या सारख्या ओळी एकत्र करतं. एका पार्टीची ऑर्डर सकाळी आणि संध्याकाळी आली, मध्ये दुसरी पार्टी असली, तर तीच पार्टी अहवालात दोनदा दिसते. आधी पार्टीच्या नावावर सॉर्टेड करा, मग ग्रुपबाय.

आणि पैसे फ्लोटमध्ये म्हणजे दशांश आकड्यांत ठेवू नका. ०.१ + ०.२ चं उत्तर पायथॉन ०.३०००००००००००००००४ देतं. ८५ रुपये म्हणजे ८,५०० पैसे असं पूर्णांकात ठेवा आणि छापतानाच १०० ने भागा. कराची गोलाई कुठे करायची, प्रत्येक ओळीवर की एकूणवर, हे आधी तुमच्या सीएंना विचारून ठरवा. दोन्हीचं उत्तर नेहमी सारखं येत नाही.

प्रश्न : होटगी रस्त्याला राहतो, नोकरीत जावा लिहितो. प्रत्येक बदलाला नवी यादी करायची म्हणजे मेमरी उधळणं नाही का? मोठ्या डेटावर हे कसं परवडतं?

उत्तर : नवी यादी म्हणजे सगळ्याची नक्कल नव्हे. या भाषांतली यादी साखळीची असते: एक घर, त्यात किंमत आणि उरलेल्या यादीचा पत्ता. १ लाखाच्या यादीला पुढून एक जोडला तर एकच नवं घर तयार होतं आणि ते जुन्या लाखाकडे बोट दाखवतं. जुनी यादी कधी बदलणारच नाही याची खात्री असल्यामुळे दोघींनी तोच भाग वाटून घेतला तरी धोका नसतो.

परवडत नाही ते मागून जोडणं. शेवटच्या घराचा पत्ता बदलायचा म्हणजे त्याआधीचं घर नवं, त्याच्याआधीचंही नवं, अशी सगळी साखळी पुन्हा बांधावी लागते. जावाच्या ॲरेलिस्टची सवय असलेले लोक हॅस्केलमध्ये किंवा एलिक्सरमध्ये ++ (दोन याद्या जोडायचं चिन्ह) वापरून प्रत्येक फेरीत शेवटी एकेक घटक जोडतात. १०,००० घटकांना अशी सुमारे ५ कोटी घरं बांधली जातात, आणि मग 'फंक्शनल भाषा मंद असतात' असा निष्कर्ष निघतो. पुढून जोडत जा आणि सगळं झाल्यावर एकदाच उलटवा. तसंच, साखळीत ५,००० वा घटक हवा असेल तर ५,००० घरं चालत जावं लागतं; लांबी विचारली तरी तेच. क्रमांकाने किंवा किल्लीने शोधायचं काम असेल तर यादी सोडा. हॅस्केलमध्ये मॅप किंवा व्हेक्टर, क्लोजरमध्ये अंगचाच व्हेक्टर, एलिक्सरमध्ये मॅप घ्या. (हा मॅप म्हणजे किल्लीवरून किंमत शोधायचा साठा, मॅप नावाचं फंक्शन नव्हे.)

प्रश्न : लूप न वापरता रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) लिहिलं तर पायथॉन हजाराच्या आसपास 'रिकर्शनएरर' देतो. मग फंक्शनल भाषा लाखो फेऱ्या कशा मारतात? (साखर पेठ)

उत्तर : १ ते ५ ची बेरीज साध्या रिकर्शनने केली तर यंत्राला ५ + (४ + (३ + (२ + (१ + ०)))) असं सगळं उघडं ठेवून बसावं लागतं, कारण आतलं उत्तर आल्याशिवाय कुठलीच बेरीज पुरी होत नाही. प्रत्येक उघड्या बेरजेला स्टॅकवर, म्हणजे अर्धवट कामांसाठी राखलेल्या मेमरीत, जागा लागते. पायथॉनने ही खोली मुळात १,००० वर रोखली आहे. मर्यादा वाढवता येते, पण त्याने प्रश्न पुढे ढकलला जातो.

आता आतापर्यंतची बेरीज सोबत घेऊन चला: (५, ०), (४, ५), (३, ९), (२, १२), (१, १४), (०, १५). इथे पुढच्या बोलावण्यानंतर मागे काहीच काम उरत नाही, म्हणून कंपायलर जुनी जागाच पुन्हा वापरतो. याला टेल कॉल म्हणतात. स्कीमच्या प्रमाणग्रंथात हे सक्तीचं आहे. एर्लांग, एलिक्सर, ओकॅमल याही ते करतात. पायथॉन करत नाही, त्यामुळे पायथॉनमध्ये टेल कॉल लिहून उपयोग शून्य. तिथे लूप किंवा सम वापरा.

चूक कुठे होते? 'रिकर्शन शेवटच्या ओळीत आहे, म्हणजे टेल कॉल' असं समजण्यात. न + बेरीज(न - १) ही शेवटचीच ओळ आहे, पण बोलावणं परतल्यावर अधिक करायचं राहतंच. तो टेल कॉल नव्हे.

हॅस्केलमध्ये आणखी एक पेच आहे. ती भाषा आळशी आहे, गरज पडल्याशिवाय बेरीज करतच नाही. 'फोल्डएल' वापरून १ कोटी आकड्यांची बेरीज जीएचसीआयमध्ये मांडली तर ती आधी न सोडवलेल्या १ कोटी बेरजांची रास रचते आणि मग सोडवायला बसते. तोवर तुमचा लॅपटॉप ढिम्म. शेवटी उभं अवतरणचिन्ह असलेला फोल्डएल वापरा. तो प्रत्येक पायरीवर बेरीज उरकून पुढे जातो. एकूणच, हाताने रिकर्शन लिहायचं ते शिकण्यापुरतं. रोजच्या कामात मॅप, फिल्टर आणि फोल्ड यांनी भागतं.

प्रश्न : हॅस्केलमध्ये तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायला 'सम यादी / लेंग्थ यादी' लिहिलं. एवढ्या साध्या ओळीला कंपायलर 'फ्रॅक्शनल इंट'चं काहीतरी म्हणतो. चूक काय? (पंढरपूर)

उत्तर : लेंग्थ नेहमी इंट म्हणजे पूर्णांक देतं आणि / हा भागाकार पूर्णांकांवर चालत नाही. हॅस्केल एका प्रकारच्या संख्येचं दुसरीत रूपांतर आपण होऊन कधीच करत नाही. सी मध्ये ते गुपचूप होतं आणि अपूर्णांक गुपचूप गळतो, तो ताप इथे नाही. अशी दुरुस्ती करा:

सरासरी :: [डबल] -> डबल
सरासरी यादी = सम यादी / फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ यादी)

६२, ७१, ८० ला उत्तर ७१.० येईल. वरची टाइपची ओळ आधी लिहायची सवय लावा. ती नसते तेव्हा कंपायलर अंदाज बांधतो: लांबी इंट, म्हणजे यादीही इंटची, म्हणजे इंटला भागाकार यायला हवा, आणि तक्रार भागाकारावर येते. ती ओळ असली तर तक्रार थेट लेंग्थवर येते, 'इथे डबल हवं होतं, इंट मिळालं', आणि खरी चूक तिथेच आहे. रिकाम्या यादीला हे फंक्शन ० भागिले ० करून 'नॅन' (संख्याच नाही) देईल, तो मामला वेगळा सांभाळा.

जाता जाता आणखी दोन नेहमीच्या एररा. ॲब्ज हे फंक्शन संख्येचं उणे चिन्ह काढतं, पण 'ॲब्ज -५' लिहिलं तर हॅस्केल 'ॲब्जमधून ५ वजा कर' असं वाचतं. ॲब्ज (-५) असा कंस हवा. आणि फंक्शनला शो (किंमत छापता येईल अशा मजकुरात बदलणं) नाही अशी तक्रार आली, तर कुठेतरी फंक्शनला एक आर्ग्युमेंट कमी दिलं आहे. कंपायलर खाली तशी सूचनाही देतो, पण लाल अक्षरं बघून लोक तिथवर वाचतच नाहीत.

प्रश्न : एलिक्सरमध्ये वर्गाच्या गुणांची यादी [७२, ६५, ८०] दिली तर पडद्यावर 'एच, ए, पी' ही रोमन अक्षरं आली! (शिक्षक, बार्शी)

उत्तर : यादी शाबूत आहे, फक्त दाखवताना गडबड होते. एर्लांगमध्ये मजकूर हा आकड्यांची यादी म्हणून ठेवण्याची जुनी पद्धत होती. म्हणून यादीतले सगळेच आकडे छापता येण्याजोग्या अक्षरांचे कोड निघाले की एलिक्सरचं कवच (ओळी टाइप करायची खिडकी, शेल) तो मजकूरच समजतं. ७२ एचचा, ६५ एचा, ८० पीचा कोड. यादीत एखाद्याला ५ गुण असते तर सरळ आकडे दिसले असते, कारण ५ हा छापायच्या अक्षराचा कोड नाही. इन्स्पेक्ट हे किंमत दाखवणारं फंक्शन वापरताना 'चारलिस्ट्स'चा पर्याय 'ॲज लिस्ट्स' ठेवा. बेरीज, सरासरी मात्र आधीपासूनच बरोबर येत असणार.

प्रश्न : मोनाड कधी शिकू? सगळे आधी तेच शिका म्हणतात. (अक्कलकोट)

उत्तर : पहिल्या महिन्यात नाही. मोनाड म्हणजे एकावर एक अवलंबून असलेल्या पायऱ्या जोडायची हॅस्केलची रीत. आधी 'मेबी' वापरा: उत्तर असेल तर 'जस्ट', नसेल तर 'नथिंग'. पार्टीचं नाव शोधा, सापडलं तर तिची बाकी शोधा, सापडली तर तारीख शोधा. असं प्रत्येक ठिकाणी दोन फांद्या करत तीन पातळ्या आत गेलात की कंटाळा येईल. त्या कंटाळ्यावरचा इलाज म्हणून मोनाड शिकलात तर दुपारभरात कळेल. व्याख्येपासून शिकलात तर महिने जातील.

सुरुवातीला फक्त एक फरक पक्का करा. 'डू'च्या आत नाव <- गेटलाइन लिहिलं तर ओळ वाचली जाते आणि 'नाव'मध्ये मजकूर येतो. लेट नाव = गेटलाइन लिहिलं तर काहीच वाचलं जात नाही; वाचण्याच्या कृतीलाच दुसरं नाव मिळतं आणि पुढे ते मजकुराला जोडायला गेलात की आयओ (वाचण्या-छापण्याची कृती) आणि स्ट्रिंग (मजकूर) जुळत नाहीत अशी एरर येते.

प्रश्न : हे शिकून सोलापुरात नोकरी मिळेल का? (करमाळा)

उत्तर : फक्त हॅस्केल किंवा रॅकेट येतं म्हणून मिळणं अवघड. डेटाच्या कामात स्काला ही भाषा चालते, मोठा डेटा हाताळणारं स्पार्क तिच्यातच लिहिलेलं आहे. एर्लांग आणि एलिक्सरची कामं सर्व्हरच्या बाजूची, आणि ती बरीचशी बाहेरगावची किंवा घरून करायची. पण जावात २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून लॅम्डा (बिननावाची फंक्शनं) आणि स्ट्रीम आले, वेबपानं बांधायच्या रिॲक्टमध्ये स्टेट (पानाची चालू माहिती) जागच्या जागी बदलायची नाही हा पहिला नियम. इथून पुण्याला मुलाखतीला गेलात तरी हे प्रश्न पडणारच, तिथे ही तयारी कामाला येते.

प्रश्न : मंगळवेढ्यातल्या आमच्या ज्वारीच्या व्यापाराचं खातं मराठीत ठेवतो, आकडेसुद्धा मराठी. हॅस्केलमध्ये 'सोलापूर' लिहिलं तर उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल वाचली तर एरर. मराठी चालतच नाही का?

उत्तर : चालतं. जीएचसीआयमध्ये नुसतं "सोलापूर" टाइप केलं तर ते 'शो'मधून जातं आणि शो देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांचे कोड छापतं: २३६० म्हणजे स, २३७९ म्हणजे ओकाराची मात्रा, असे सात. त्याऐवजी 'पुटस्ट्रएलएन "सोलापूर"' म्हणा, अक्षरं दिसतील. विंडोजवर 'कमिटबफर'ची एरर आली तर जीएचसीआय सुरू करण्याआधी त्याच खिडकीत 'सीएचसीपी ६५००१' चालवा, म्हणजे कन्सोल यूटीएफ-८ वर जातो. फाइल वाचताना हँडलचं (उघडलेल्या फाइलचं) एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा. नाहीतर विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरलं जातं. एक्सेलमधून सीएसव्ही सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, पण त्याने फाइलच्या अगदी सुरुवातीला ६५२७९ कोडाचं एक न दिसणारं अक्षर येतं. पहिल्या स्तंभाचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही जुळत नसेल तर तेच कारण.

लांबी मोजताना जपा. 'सोलापूर'ची लांबी हॅस्केल आणि पायथॉन ७ सांगतात, कारण मात्रा सुट्या मोजतात. एलिक्सरचं स्ट्रिंग.लेंग्थ ४ सांगतं: सो, ला, पू, र. उलटवलं तर एलिक्सर 'रपूलासो' देतं. हॅस्केलचं रिव्हर्स मात्रा भलत्याच अक्षरांना चिकटवतं. नावांचे स्तंभ रुंदीप्रमाणे जुळवायचे असतील तर हा फरक नडतो.

आकड्यांचं म्हणाल तर पायथॉनचं इंट("१२०") बिनबोभाट १२० देतं. हॅस्केलचं रीड ते वाचत नाही, एलिक्सरचं टू-इंटिजरही नाही. फंक्शन लिहिणं सोपं आहे आणि फोल्ड शिकायला चांगलंही. '०' चा कोड २४०६, '९' चा २४१५. अक्षराच्या कोडातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. मग फोल्ड: आतापर्यंतची संख्या गुणिले १०, अधिक नवा अंक. "१२०" ला ० पासून सुरू करून १, मग १२, मग १२०.

आता यात "१,२००" घालून बघा. स्वल्पविरामाचा कोड ४४, त्यातून २४०६ गेले तर उणे २३६२. तो अंक समजून फोल्ड पुढे चालत राहतो आणि खात्यात उणे २३,५१,८०० येतात, एकही एरर न देता. 'अंक नसलेलं सगळं गाळा' हा उपाय करू नका, कारण मग "१२.५०" चे १२५० होतील. फक्त स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा गाळा. उरलेल्यात २४०६ ते २४१५ च्या बाहेरचं एकही अक्षर आढळलं, किंवा गाळल्यावर काहीच उरलं नाही, तर फंक्शनने संख्या न देता 'नथिंग' द्यावं, आणि ती ओळ कोणत्या पानावरची होती ते छापून तुम्ही हाताने तपासावी.